रिचमंडचे बछडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१४ साली मी मेलबर्नला आले आणि वर्षभराच्या आत रिचमंड टायगर्स या फुटबॉल क्लबच्या नादी लागले. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. २०२४ च्या ड्राफ्टनंतर, म्हणजे क्लबांनी नवी पोरं निवडल्यावर, तर फारच वाढले, कारण मी स्वतःच उठताबसता आमच्या वाट्याला आलेल्या पोरांबद्दल बोलायला लागले. २०२५ चा मोसम संपल्यावर एकदाचं सगळं लिहून काढलंय. आता कोणी विचारलं की हेच पाठवणार.

हा नक्की कुठला फुटबॉल?

मेस्सीचा नाही, आणि अमेरिकेतला हेल्मेटवालाही नाही. इथे याला नुसतं ‘फूटी’ म्हणतात, आणि त्याच्या सगळ्यात वरच्या लीगला एएफएल. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू, चार क्वार्टर. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकला की फाउल. मधल्या दोन उंच खांबांमधून मारला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबातून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण. म्हणजे नेम चुकल्याबद्दलही गुण मिळतो. मला तर ही या खेळाची सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते.

मैदान तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबर २०२० मध्ये रहाणेने ज्या एमसीजीवर, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, ११२ केल्या, तिथेच मार्चपासून सप्टेंबरपर्यंत आमचे वाघ धावतात.

रिचमंडच का? जिंकणारा एखादा संघ का नाही धरलास?

इथे नव्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न येतात: कॉफी कशी घेणार, राहता कुठे, आणि ‘कोणाला बॅरॅक करता?’, म्हणजे कुठल्या संघाच्या बाजूचे? तिसऱ्याला ‘कोणालाच नाही’ हे उत्तर चालत नाही. आमचं पहिलं भाड्याचं घर स्वान स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत होतं. शेजारी एक ग्रीक आजोबा राहायचे. माझी मुलगी त्यांना त्यांच्याच भाषेत ‘पापू’ म्हणायची, मग आम्हीही पापूच म्हणू लागलो. १९६० च्या दशकात ते रिचमंडला आले. इंग्रजी अजून तुटकं होतं तेव्हाच त्यांना क्लबच्या सगळ्या खेळाडूंचे नंबर पाठ झाले होते. त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. गल्लीत राहतेस म्हणजे तू रिचमंडची.

तर हा क्लब १८८५ चा. घर पंट रोडच्या मैदानावर, एमसीजीपासून चालत पाच मिनिटं. रंग पिवळा-काळा. १३ विजेतेपदं, त्यातली शेवटची तीन २०१७, २०१९ आणि २०२० ची. ऐकायला भारी वाटतं, पण २०१७ च्या आधीचं विजेतेपद १९८० चं होतं हेही सांगायला हवं. मधली ३७ वर्षं या लोकांनी ज्या काढल्या, त्या काढल्या. आठ संघ बाद फेरीत जाणार असले की आमचा हमखास नववा, अशी थट्टा आख्ख्या शहरात चालायची.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव ना?

उलट म्हणा. लिलावात ज्याच्या थैलीत पैसे तो बोली लावतो. ड्राफ्टमध्ये पैशाचं कामच नाही. जो संघ गुणतक्त्यात शेवटचा, तो पोरं निवडायला पहिला. विजेता सगळ्यांत शेवटी. पोरगं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ वर्षांचं व्हायला हवं. कुठल्या क्लबात जायचं हे त्याच्या हातात नसतं. बारावीची परीक्षा दिलेल्या पोराला नोव्हेंबरातल्या एका रात्री कळतं की आता आपण पर्थमध्ये राहणार. आई शेजारी बसून टाळ्या वाजवते आणि रडते.

१९८६ पासून असं चाललंय. अपवाद आहेत. वडील एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळले असतील तर त्या क्लबचा मुलावर पहिला हक्क. उत्तरेकडच्या चार क्लबांना त्यांच्या अकादमीतल्या पोरांवरही हक्क असतो. या अपवादांवरून इथे जेवढी भांडणं होतात तेवढी आपल्याकडे जमिनीच्या बांधावरून होत असतील.

२०२४ मध्ये रिचमंडला एवढी पोरं एकदम कशी मिळाली?

घर मोडून. दुसरा शब्द नाही.

२०२४ च्या मोसमात आम्ही २३ पैकी २ सामने जिंकलो आणि तळाला गेलो. डस्टिन मार्टिन ३०२ सामन्यांनंतर थांबला. डिलन ग्राइम्स गेला, मार्लियन पिकेट गेला. हा पिकेट म्हणजे वयाच्या २७ व्या वर्षी आयुष्यातला पहिलाच एएफएल सामना थेट २०१९ च्या अंतिम फेरीत खेळलेला गडी. तो गेला तेव्हा मी ऑफिसातून लवकर निघाले होते. मग ऑक्टोबरात अदलाबदलीचा काळ आला. डॅनियल रिओली गोल्ड कोस्टला गेला, शाय बोल्टन फ्रीमँटलला, लियम बेकर आणि जॅक ग्रॅहम वेस्ट कोस्टला. चौघांकडेही विजेतेपदाची पदकं होती. दोन आठवड्यांत घर रिकामं झालं.

त्यांच्या बदल्यात मुख्यतः ड्राफ्टमधले वरचे क्रमांक मिळाले. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ च्या त्या दोन रात्रींत, पहिल्या २८ निवडींमध्ये सात वेळा रिचमंडचं नाव पुकारलं गेलं. असं फार क्वचित होतं.

हे सगळं त्याच वर्षी उरकण्यामागे आणखी एक हिशोब होता, असं माझं मत. २०२८ मध्ये टास्मानियाचा नवा संघ, लीगमधला १९ वा, उतरणार आहे. नवा संघ उभा करायचा म्हणजे त्याला ड्राफ्टमध्ये झुकतं माप द्यावंच लागतं. म्हणजे पुढची काही वर्षं चांगली पोरं तिकडे जाणार. नळाला पाणी आहे तोवर आम्ही हंडे भरून घेतले.

कोण कोण आहेत ते सांग ना.

सॅम लॉलर, पहिला क्रमांक. मेल्टनच्या पुढच्या बॅकस मार्शचा. जिथे सफरचंदं आणि स्ट्रॉबेरी तोडायला आपण पोराबाळांना घेऊन जातो, तेच गाव. मिडफिल्डमध्येही खेळतो, पुढेही खेळतो. अंगात बैलाची ताकद, आणि समोरच्याला एका हाताने बाजूला सारून निसटायची सवय. या चालीला इथे ‘डोंट आर्ग्यू’ म्हणतात. कबड्डी पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

जॉश स्मिली, सातवा. मिडफिल्डर, पण उंची खांबाएवढी. चेंडूच्या गर्दीत साधारणपणे ठेंगणी, चिवट पोरं असतात. त्यात हा उभा राहिला की लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतला मामा पुढे येऊन उभा राहिल्यासारखं दिसतं.

ताज हॉटन, बारावा. माझा लाडका. ड्राफ्टच्या वर्षीच त्याचा गुडघा गेला, एसीएल नावाचा आतला अस्थिबंध. तरी क्लबने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं. चेंडू हातात आला की तो क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात बाकी सगळे घाईत असल्यासारखे वाटतात. असं शिकवून येत नाही. वडील ट्रेंट हॉटनही या लीगमध्ये खेळलेले.

जॉन्टी फॉल, चौदावा, आणि हॅरी आर्मस्ट्राँग, तेविसावा. दोघे उंच फॉरवर्ड, गोल मारणारे. मध्ये एकविसावा ल्यूक ट्रेनर, बचावातला. ट्रेनर हे आडनाव आहे, हुद्दा नाही. माझ्या सासऱ्यांना हे तीनदा सांगावं लागलं. अठ्ठाविसावा टॉम सिम्स, हाही उंच. मग बऱ्याच खाली, ५८ वा जॅस्पर अल्जर: बुटका, चपळ, गोलच्या तोंडाशी घोटाळणारा. कोणाचं लक्ष नसताना मला याच जातीच्या पोरांकडे बघायला आवडतं.

लॉलर म्हणजे पुढचा डस्टी का?

नाही. कृपा करून असं म्हणू नका. निदान माझ्या घरात नको.

डस्टीने, म्हणजे डस्टिन मार्टिनने, अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक तीनदा जिंकलं. त्याच्या आधी कोणीही तीनदा जिंकलं नव्हतं. एक ढकलण्याची चाल सारखी आहे म्हणून अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते ओझं ठेवायचं? घरात नवं बाळ आलं की ‘अगदी आजोबांवर गेलंय’ म्हणणारी एक आत्या असते. आजोबा कोण होते, त्यांनी काय सोसलं, बाळाला काय करायचंय, कशाचाच पत्ता नसतो.

आणि रिचमंडला हे ओझं आधी एकदा महागात पडलंय. २००४ मध्येही आम्ही तळाला होतो. ड्राफ्टमध्ये पहिला आणि चौथा असे दोन क्रमांक हातात होते. पहिल्यावर ब्रेट डेलिडिओ घेतला, चौथ्यावर रिचर्ड टॅम्बलिंग. पाचव्या क्रमांकावर हॉथॉर्नने कोणाला घेतलं? लान्स फ्रँकलिन. त्याने पुढे कारकिर्दीत हजाराच्या वर गोल मारले, हॉथॉर्नकडून दोन विजेतेपदं नेली. टॅम्बलिंग आमच्याकडून १०८ सामने खेळला. १०८ सामने म्हणजे काही थोडके नव्हेत, बहुतेक पोरं तिथवर पोचतच नाहीत. पण त्याचं नाव या शहरात वर्षानुवर्षं विनोदासारखं वापरलं गेलं. मला घ्या फ्रँकलिनच्या आधी, असं त्याने थोडंच सांगितलं होतं? निवडणारे निराळे होते, टोमणे मात्र त्याने खाल्ले.

डेलिडिओची गोष्ट तर त्याहून हळवी. पहिल्याच वर्षी त्याला लीगमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा रायझिंग स्टार पुरस्कार मिळाला. बारा मोसम, २४३ सामने आमच्यासाठी धावला, बहुतेक वेळा हरणाऱ्या संघात. २०१६ च्या शेवटी तो सिडनीच्या जीडब्ल्यूएस क्लबकडे गेला. आणि २०१७ मध्ये रिचमंड जिंकलं. विजेतेपद त्याच्या नशिबी कधी आलंच नाही.

मेलबर्न डेमन्सच्या जॅक वॉट्सचंही आठवतं ना? २००८ चा पहिला क्रमांक. शाळेत असतानाच, २००९ मध्ये राणीच्या वाढदिवसाच्या मोठ्या सामन्यात त्याला कॉलिंगवूडविरुद्ध उतरवलं. समोरची दांडगी माणसं त्याच्यावर तुटून पडली. पोरगा पुढे चांगला खेळला, पण त्या दुपारचं चित्र लोकांनी शेवटपर्यंत त्याच्या गळ्यात अडकवून ठेवलं.

म्हणून लॉलरकडून माझी अपेक्षा एवढीच: त्याने लॉलर व्हावं. त्याला वेळ लागला तर लागू दे.

मग तुझी आशा आहे तरी कशाच्या जोरावर?

साध्या बेरजेच्या. २०१७ च्या विजेत्या संघाचा कणा कधी आला ते बघा. जॅक रीवोल्ट आणि शेन एडवर्ड्स २००६ च्या ड्राफ्टमधले. ट्रेंट कॉचिन आणि अ‍ॅलेक्स रॅन्स २००७ चे. मार्टिन २००९ चा, तिसरा क्रमांक. म्हणजे रीवोल्ट आणि एडवर्ड्सना अकरावा मोसम लागला, कॉचिन-रॅन्सला दहावा आणि मार्टिनला आठवा. मधल्या काळात ही मंडळी गुणी नव्हती असं नाही. सगळी एकाच वेळी पिकायची होती, आणि पिकेपर्यंत एकाच झाडावर राहायची होती.

आता तेच गणित लॉलरच्या तुकडीला लावा. पहिला मोसम २०२५. आठवा म्हणजे २०३२, अकरावा २०३५. तेव्हा ही पोरं सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षात असतील, खेळाडूचं ऐन वय. माझी मुलगी तोपर्यंत मतदान करत असेल. मी हे ऑफिसात बोलले तर लोक हसले. त्यांना २०२७ मध्येच काहीतरी हवंय.

एक गोष्ट मात्र या गणितात बसत नाही, आणि तीच मला फार आवडते. २०१६ चा शेवटचा सामना आम्ही सिडनीकडून ११३ गुणांनी हरलो होतो. तेरावे आलो. प्रशिक्षक डेमियन हार्डविकला काढा म्हणून आरडाओरडा झाला, क्लबच्या कारभाऱ्यांविरुद्ध गट उभे राहिले. त्यानंतर तेरा महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०१७ ला, अ‍ॅडलेडला ४८ गुणांनी हरवून त्याच हार्डविकच्या पोरांनी चषक उचलला. त्या दिवशी जॅक ग्रॅहम नावाचा, ड्राफ्टमध्ये ५३ व्या क्रमांकाचा पोरगा आयुष्यातला पाचवा सामना खेळत होता. त्याने तीन गोल मारले. रात्री स्वान स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती. पापू खांद्यावर स्कार्फ टाकून फाटकाशी खुर्ची घेऊन बसले होते, आणि ओळख असो नसो, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होते.

म्हणून आशा ठेवताना मी पहिल्या क्रमांकाइतकंच ५८ व्याकडेही बघते. कणा वरच्या क्रमांकांतून येतो हे खरं, पण पाच-सहा जागा नेहमी अशा पोरांनी भरतात ज्यांचं नाव ड्राफ्टच्या रात्री कोणी ऐकलेलं नसतं.

पोरं दुसऱ्या क्लबात पळून गेली तर?

ही भीती खरी आहे. २०२१ चा पहिला क्रमांक, जेसन हॉर्न-फ्रान्सिस, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा पोरगा. नॉर्थ मेलबर्नने घेतला, आणि एका मोसमात तो परत आपल्या गावाकडे, पोर्ट अ‍ॅडलेडला गेला. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आपली मुलं अठराव्या वर्षी परगावी वसतिगृहात कशी राहिली ते आठवावं.

आमच्या बाबतीत दिलासा असा की ही सगळी पोरं विक्टोरियातलीच, बॅलॅरटपासून सँडरिंगहॅमपर्यंतच्या युवा संघांमधून आलेली. रविवारी आईच्या हातचं जेवायला घरी जाता येतं. फॉल आणि लॉलर तर एकाच युवा संघातून आले. घराची ओढ त्यांना मेलबर्नपासून दूर नेणार नाही, उलट इथेच धरून ठेवील. भीती आहे ती सततच्या पराभवाची. सात वर्षं वाट बघायला चाहते तयार असतात, बावीस वर्षांचा मिडफिल्डर असेलच असं नाही.

आणि त्यातलं एखादं गेलंच, तर जाऊ दे. सातांपैकी चार टिकले तरी मी पेढे वाटेन.

पहिल्याच वर्षी सगळे जखमी. क्लब फसला का?

सगळे नाही. पण हो, २०२५ मध्ये लॉलरला मांडीमागच्या स्नायूने सतावलं, आणि स्मिली तर आख्ख्या मोसमात मुख्य संघात दिसलाच नाही. हॉटन गुडघ्यातून सावरून उत्तरार्धात आला. ट्रेनर मात्र बचावात असा उभा राहिला की वय विसरायला व्हावं.

शाळकरी पोरांच्या सामन्यांतून एकदम मोठ्यांच्या सरावात गेलं की शरीर कुरकुरतं. एका सामन्यात मिडफिल्डर बारा-तेरा किलोमीटर पळतो, तेही धडका खात. पोराचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. क्लबने स्मिलीला घाईघाईत उतरवलं नाही याबद्दल मी रागावणार नाही. अधीर व्हायला मीही होतेच, फक्त तोंडाने बोलत नाही.

प्रशिक्षक बरा आहे का?

अदेम यूझ. मेलबर्न डेमन्सकडून २७१ सामने खेळलेला. २०२१ मध्ये डेमन्सनी ५७ वर्षांनी चषक जिंकला तेव्हा तिथे सहप्रशिक्षक होता. आमच्याकडे २०२४ पासून. पहिल्या वर्षी दोन विजय, दुसऱ्या वर्षी पाच, अठरा संघांत सतरावा. आकडे बघून मत बनवायचं तर आत्ताच बनवू नका. मोडकं घर हातात घेतलेल्या गवंड्याला पहिल्या पावसात गळतीबद्दल बोलून काय उपयोग?

तळाला गेलं की चांगली पोरं मिळतात, मग मुद्दाम हरत असतील!

हा प्रश्न दर दिवाळीला एक तरी काका विचारतात, डोळे मिचकावून. संशय इथेही येतो. २००९ च्या मोसमातल्या वागणुकीवरून मेलबर्न डेमन्सना २०१३ मध्ये पाच लाख डॉलर दंड झाला. मुद्दाम हरल्याचं मात्र लीगने धरलं नाही. खेळाडू हरायला मैदानात उतरतो यावर माझा विश्वास नाही. ज्याचा करार संपत आलाय तो पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरासाठी स्वतःची जागा कशाला खाली करील? निवड समितीने अनुभवी माणसं बाहेर बसवली तर तो वेगळा विषय, आणि तो घरोघरी चालतो.

(पुण्याहून आई) हरणाऱ्या संघामागे एवढा वेळ घालवतेस, मिळतं काय तुला?

आई, १३ मार्च २०२५ ची रात्र सांगते.

मोसमाचा पहिला सामना, समोर कार्लटन. तुझा जावई कार्लटनवाला, हे तुला माहीतच आहे. एमसीजीवर ऐंशी हजारांच्या आसपास माणूस. आम्ही हरणार हे वर्तमानपत्रांनी आठवडाभर आधीच ठरवून टाकलेलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही सहा गोलांहून जास्त मागे पडलो. जावईबापू सौजन्याने गप्प बसले होते. ते गप्प बसणंच जास्त लागतं. मुलीने चिप्स संपवल्या आणि घरी कधी जायचं म्हणून विचारलं.

मग हळूहळू काहीतरी फिरलं. एक टॅकल, एक गोल, आणखी एक. लॉलरचा तो आयुष्यातला पहिला सामना, आणि पोरगा असा भिडत होता की जणू परवापर्यंत शाळेच्या बसने जात नव्हता. शेवटच्या क्वार्टरला आमच्या मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या त्या खाली बसल्याच नाहीत. १३ गुणांनी जिंकलो. मुलगी माझ्या कडेवर चढायला बघत होती, दहा वर्षांची घोडी. ट्राममध्ये जावईबापूंनी खिडकीबाहेर बघत घर येईपर्यंत एक शब्द काढला नाही.

त्या वर्षी त्यानंतर अजून चार वेळाच जिंकलो. पण हे विचारतेस तेव्हा मला तुझी पालखी आठवते. पुण्यात मुक्कामाला येते एकदा, आणि तू त्यावर वर्ष काढतेस.

मुलींचा संघ आहे का?

आहे, २०२० पासून. मोनीक कॉन्टीला खेळताना बघा आणि मग बोलू. ती बास्केटबॉलही वरच्या पातळीवर खेळलेली आहे. चेंडू तिच्या हातातून सुटतो तेव्हा ते कळतं.

आपल्या मुलांना खेळायचं असेल तर?

प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठी ‘ऑसकिक’ असतं, जवळपास प्रत्येक उपनगरात, बहुतेक शनिवारी सकाळी. धडका नाहीत, गुण मोजायची मारामारी नाही, शेवटी सॉसेज. शाकाहारी असाल तर डबा न्या. टार्नीट, पॉइंट कुकच्या बाजूला हल्ली आपली मुलं खूप दिसतात. त्यातला एखादा जोशी किंवा पवार पुढे ड्राफ्टमध्ये पुकारला जावा अशी माझी एक वेगळीच आशा आहे, पण ती या पानाचा विषय नव्हे.

मुलाला रिचमंडची जर्सी घ्यायची आहे. पाठीवर कोणाचा नंबर लावू? लॉलरचा?

घ्या बिनधास्त, पण नंबर शिवायच्या आधी पापूंची गोष्ट ऐका.

पापूंच्या जर्सीवर ३ नंबर होता, डेलिडिओचा. बायकोने हाताने शिवलेला. २०१६ च्या शेवटी डेलिडिओ क्लब सोडून गेला त्या आठवड्यात पापू ओट्यावर चष्मा लावून बसले आणि ब्लेडने एकेक टाका उसवून त्यांनी तो काढला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, आता कोणाचाच नाही लावणार.

पुढच्या मोसमात गोल्ड कोस्टहून डियॉन प्रेस्टिया आला. त्याला क्लबने ३ नंबर दिला. तो २०१७ ला जिंकला, २०१९ ला जिंकला, २०२० ला जिंकला. प्रत्येक अंतिम सामन्याला पापूंच्या पाठीवर नुसती भोकं दिसायची, तिनाच्या आकाराची. मी पुन्हा शिवून देते म्हणाले तर त्यांनी ऐकलं नाही.

नंबर लावायचा असेल तर कच्चा टाका घाला.